शेजारचा पाट

मुलुंड पूर्व,
२० जुलै २०२५

ती. बाळदादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअॅपवर तू नुसते जोडलेले हात पाठवतोस, म्हणून पुन्हा पत्र. मी बरी आहे. म्हणजे उठते, डबा भरते, भांडुपला ऑफिसला जाते, परत येते. अनंत गेल्यापासून सगळं लांबून चालल्यासारखं वाटतं. परवा हातावर गरम तेल उडालं, तरी हात मागे घ्यायचं सुचायला वेळ लागला. मालनवहिनीला हे सांगू नकोस, ती लगेच डबे घेऊन निघेल.

बातमी एवढीच, की ऑफिसातला श्रावणातला सत्यनारायण मी यंदा बंद केला. साहेब म्हणून दरवर्षी मीच पूजेला बसायचे आणि अनंत सोवळं पिशवीत घालून रिक्षाने यायचा, तुला ठाऊकच आहे. हेडक्लार्क मुकुल चाचरत विचारायला आला, की या वर्षी दुसरं जोडपं बसवू का. मी म्हटलं, कुणीच बसू नका. सरकारी ऑफिस आहे, दाखल्यासाठी सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात आणि आपण त्यांना पूजा आटपेपर्यंत ताटकळत ठेवतो. देव ज्याचा त्याच्या घरी.

दादा, कुणी वाद घातला नाही रे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बिचारीला आता बसता येत नाही ना, म्हणून बंद करते आहे, असं त्यांना वाटलं. मला भांडण हवं होतं, मिळाली कीव.

कानाचं यंत्र वापरत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वसु

---

बोरिवली,
२६ जुलै २०२५

चि. वसुस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मालनने माझ्या हातातून ओढून घेतलं, त्यामुळे तेलाचं तिला कळलं. आता डबे येतील, तयार राहा.

आता माझं ऐक. तुझं तत्त्व चांगलं आहे, वेळ चुकली. इतकी वर्षं स्वतः पाटावर बसलीस, शिरा वाटलास, तेव्हा सरकार कुठे गेलं होतं? लोक म्हणणार, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. आणि अगं, वर्षातून एकदा शिरा खाल्ल्याने राज्यघटना बुडत नाही. मी नोकरीभर पुलांच्या कामावर नारळ फोडले. एकही पूल पडला नाही. तू म्हणशील, ते सिमेंटमुळे. असेल.

मी आमच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, तिने एकटीने बसावं, शेजारच्या पाटावर नवऱ्याच्या जागी सुपारी ठेवावी. बायको नसली की पुरुष ठेवतातच, मग बाईनेच काय पाप केलंय? मालनने लगेच तुझ्या ऑफिसात मुकुलला फोन लावला. तो तर खूश झाला. सोबत आमच्या देवघरातली सुपारी पाठवतो आहे. बस गं एकदा मानाने. मग पुढच्या वर्षी खुशाल बंद कर.

जेवणाची हेळसांड नको. म्हाताऱ्या भावावर राग धरू नये.

तुझा,
बाळदादा

---

मुलुंड पूर्व,
२ ऑगस्ट २०२५

ती. बाळदादास,
सा. न. वि. वि.

सुपारी पोचली. पाकिटावर सवयीने सौ. लिहून मग खोडलंस. मला काही वाटलं नाही. हल्ली काही वाटतच नाही.

मुकुल सगळ्यांना घेऊन केबिनमध्ये आला. या वेळी माना वर होत्या. म्हणाला, मॅडम तुम्हीच बसायचं, कोण काय बोलतं ते आम्ही बघतो. दादा, मला बसावंसं वाटलं. फार वाटलं. विधवेला पाटावर बसवायला अख्खं ऑफिस उभं राहिलं, त्यांना नाही म्हणणारी मी कोण?

ते गेल्यावर संघमित्रा आली. आमच्याकडे लेखा बघते, भांडुपचीच, बौद्ध. पूजेच्या दिवशी सगळे वर हॉलमध्ये असतात आणि खाली एकच खिडकी चालू असते, ती हिची. मी समजत होते, तिला कामाची हौस. ती म्हणाली, मॅडम, माझा विचार करून अडू नका, खुशाल बसा, मी दरवर्षीसारखी खिडकी सांभाळते. अगदी मनापासून म्हणाली. मी विचारलं, तुला वर कुणी बोलावत नाही का. तर म्हणाली, नाही बोलावत तेच बरं, बोलावलं तर नाही म्हणावं लागेल, आणि मग वर्षभर त्याचीच चर्चा.

मला पाट मिळेल रे, तिला खिडकीच. येत्या शुक्रवारची पूजा होणार नाही. तू हवं तर रागाव.

वहिनीची आमटी संपली. रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
वसु

---

बोरिवली,
६ ऑगस्ट २०२५

चि. वसुस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो, पण मालन तुझ्या बाजूची निघाली आणि या घरात माझं बहुमत कधीच नव्हतं. मला तुझं अजून पटलेलं नाही. सुपारी मात्र परत पाठवू नकोस. ती तुला दिली, ऑफिसला नाही.

शुक्रवारी जेवून घे.

तुझा,
बाळदादा

---

मुलुंड पूर्व,
१० ऑगस्ट २०२५

ती. बाळदादास,
सा. न. वि. वि.

शुक्रवार पार पडला. सगळ्या खिडक्या चालू होत्या. माणसं आली, दाखले घेऊन गेली. आज इथे काही व्हायचं होतं आणि झालं नाही, हे त्यांतल्या कुणालाही कळलं नाही. मुकुल फुगून बसला होता. जेवायला संघमित्रा सगळ्यांत आली आणि म्हणाली, आज काम माझ्या एकटीवरच नाही हो. तेव्हा तोही हसला. माझ्या मागे काय बोलतात ते मी विचारलं नाही.

तुझी सुपारी टेबलावर ठेवणार होते. मग म्हटलं, टेबल सरकारचं आहे. पर्समध्ये ठेवली. पर्स माझी.

त्या सकाळी ऑफिसखाली रिक्षा थांबली आणि मी खुर्चीतून उठलेच. आता पिशवी घेऊन तो येणार, भटजी आले का म्हणून जिन्यातूनच ओरडणार. रिक्षातून दुसरंच कुणी उतरलं. दादा, सगळ्यांना वाटतं माझा मान गेला. मानाचं काय घेऊन बसलात! वर्षातून तो एकच दिवस अनंत माझ्या ऑफिसात यायचा. तो दिवस मी माझ्या हाताने बंद केला. बरोबर केलं, पुन्हाही करीन. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला दुखलं रे, चांगलंच दुखलं.

तेवढ्यात कुणीतरी कागद पुढे सरकवला. मी खाली बसले आणि सही केली. एकाच हाताने. दुसरा पर्समध्ये होता, सुपारीवर.

वहिनीला नमस्कार. तुमचं दोघांचं माझ्यावर लक्ष असू दे.

तुझी,
वसु