बॉक्सचं तोंड कुणीकडे

शुक्रवार, १५ नोव्हेंबर १९९६

आज सकाळी देवपूजा उरकून तडक स्टेशनजवळच्या दुकानापाशी गेलो. शटर अजून खालीच. कीबोर्ड मांडीवर घेऊन पायरीवर बसलो — नवरीमुलगी दाखवायला घेऊन आलेल्या बापासारखा!

पंचवीस वर्षं भजनी मंडळाची पेटी वाजवली. गेल्या वर्षी तिचा भाता फाटला आणि भावेशने कीबोर्ड आणून दिला. पोराने हौसेने आणलेला, नाही कसं म्हणणार? पण मृदंग आणि टाळांपुढे त्याचा आवाज कुठल्या कुठे जातो. आमचे गाणारे बाबाजीबुवा म्हणाले, "स्पीकरचा बॉक्स घे बाबा एकदाचा." एका हाताने उचलता यावा, रिक्षात पायांशी मावावा, दिवे गेले तर बॅटरीवर चालावा. एवढंच मागणं.

दुकानदार जितेंद्रभाईंनी तीन दाखवले. पहिला उचलायला दोन माणसं लागली असती. दुसरा ट्रान्झिस्टरएवढा. तिसरा बरा — वर कडी, पुढे दोन भोकं, एक कीबोर्डला, एक बुवांच्या माइकला. बाजूला तीन बटणं: आवाज, बेस, ट्रेबल. पण तिन्ही बॉक्स मला घोंगडीखालून वाजल्यासारखे वाटले. तिसऱ्याचं ट्रेबल शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे सूर मोकळा झाला. जितेंद्रभाई ओरडले, "अरे काका, इतना खोलोगे तो गली के कुत्ते भौंकेंगे!"

हसलो. तिसराच घेतला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

घरी बायकोने, शालनने, बॉक्सला हळदकुंकू वाहिलं, कडीला दोरा बांधला. मी नमस्कार केला. यंत्र असलं तरी देवाच्या कामाला आलंय.

बटण कुठे ठेवायचं ते विसरू नये म्हणून ट्रेबलच्या शेवटी कुंकवाचा ठिपका दिला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

कारखान्यात डबल पाळी. दिवसभर प्रेसवर स्टीलची ताटं ठोकली. लिहायला जीव नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

बॉक्सला कोण हात लावतंय? वाजवायला बसलो की ट्रेबलचं बटण ठिपक्यापासून मागे आलेलं असतं. तीनदा झालं. शालनला विचारलं तर म्हणाली, "मला काय करायचंय त्या बटणाचं? माझं बटण गॅसचं!"

संध्याकाळी खोलीत शिरलो तर नीलम बॉक्सपाशी. सूनबाई माहेरी वडिलांकडे पेटी शिकलेली आहे. मला पाहून उठली. "पुसत होते, बाबा."

हातात फडकं नव्हतं.

सोमवार, २ डिसेंबर

काल पूनम सागर सोसायटीच्या हॉलमध्ये सत्यनारायण. बॉक्सचा पहिला कार्यक्रम.

आधी बॉक्स ठेवायचा कुठे यावर अडलं. आम्ही देवाकडे तोंड करून बसतो. बॉक्स पुढे ठेवून लोकांकडे वळवला तर त्याची पाठ देवाला येते. मी म्हटलं, नको. आजवर या मंडळात कुणी देवाला पाठ दाखवलेली नाही, बॉक्सने का दाखवावी? आमच्या पाठीमागे ठेवला, तोंड देवाकडे. ट्रेबल ठिपक्यावर. सगळ्यांना पटलं.

दुसरा अभंग चालू होता. डोळे मिटले होते. हात छान चालत होता. एकदम मृदंग थांबला. टाळ थांबले. मला वाटलं बुवांना ठसका लागला, म्हणून त्यांना सावरायला मी सूर धरून ठेवला. डोळे उघडले तर सगळ्या हॉलने कानांवर हात ठेवलेले. एक तान्हं मूल तोंड वासून रडतंय. बायकांमधून नीलम उठली, पुरुषांच्या रांगेतून सरळ चालत गेली आणि बॉक्सचं बटण मागे फिरवलं.

गुणवंत मृदंगावरून ओरडला, "काळूराम, बहिरा झालास का काय! केवढी शिट्टी मारतोय तुझा बॉक्स!"

लोक हसले. मीही हसलो.

शिट्टी? कुठली शिट्टी?

मंगळवार, ३ डिसेंबर

सकाळी शालन म्हणाली, "अहो, कुकरची शिट्टी मोजा हां, मी दळण आणते." भात करपला.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सुट्टीचा वार. घरी कुणाला न सांगता कान दाखवून आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते हेडफोन लावले. बाई म्हणाली, आवाज आला की बोट वर करा. पहिले काही आले. मग वाट पाहत बसलो. बोट मांडीवर तयार ठेवून. बराच वेळ. शेवटी बाईनेच दार उघडलं. "झालं, काका."

मी म्हटलं, "चालू कधी होणार?"

डॉक्टर भला माणूस. प्रेसवर किती वर्षं, विचारलं. चोवीस, म्हटलं. म्हणाला, "खालचे आवाज आहेत. वरचे बारीक आवाज गेले. ते परत येत नाहीत. उरलेत ते सांभाळा, कामावर कानात बोळे घाला." अवघड शब्द एकही वापरला नाही, त्यामुळे समजलं नाही असंही म्हणता येईना.

म्हणजे दुकानातली घोंगडी बॉक्सवर नव्हती.

रविवार, १५ डिसेंबर

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की जागा गेली. देवापुढे मला बोलता येत नाही, गाता येत नाही. पेटी वाजवणं हीच माझी सेवा. ती सुटली तर देवापुढे काय घेऊन बसू? दत्तजयंतीला नऊ दिवस. बोटांना सगळं पाठ आहे. न ऐकताही वाजवता येईल. ट्रेबल कमी ठेवलं की कुणाला कळणार?

पण मला कळेल. आणि ज्याच्यापुढे वाजवायचं त्याला.

शुक्रवार, २० डिसेंबर

बुवांकडे गेलो. त्यांच्या ओटीवर बसलो. म्हटलं, बॉक्स कुठे ठेवावा ते विचारायला आलोय. मागून आवाज माइकमध्ये शिरला म्हणून शिट्टी झाली म्हणतात, पुन्हा नको.

बुवा सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "तुला आयकू आली न्हाय ना ती?"

मी ओटीवर सांडलेली सुपारीची खांडं गोळा करू लागलो.

"सगल्यांनी कान झाकले. तू डोले मिटून वाजवत व्हतास. मी बघत व्हतो तुज्याकडं. लय गोड वाजवत व्हतास रं." सुपारी तोंडात टाकली. "मी कुनाला सांगनार न्हाय. सांगायचं तर तू सांग."

उठताना मी बॉक्सचं पुन्हा विचारलं. म्हणाले, "देवाच्या रांगेत ठेव की! देव आपल्याकडंच बघतो, बॉक्स बी बघल. शेजारी बसल्यावर पाठ कुठं आली?"

एवढी साधी गोष्ट. पंचवीस वर्षं देवाकडे बघत बसलो, तो कुठे बघतोय ते लक्षातच आलं नव्हतं.

रविवार, २२ डिसेंबर

दुपारी शालन देवळात गेली तेव्हा नीलमला हाक मारली. म्हटलं, वाजव. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, अवघडून बसली. मग वाजवू लागली. जिथे सूर वर चढत गेला तिथे माझ्यासाठी नुसतीच तिची बोटं हलत होती. मी बॉक्सवर हात ठेवला. लाकूड थरथरत होतं. खालचे सूर तळहातात आले, वरचे नाही आले. पण ती मध्येच थांबून चुकलेली जागा परत घ्यायची, त्यावरून कळलं — कान चांगला आहे. माझा होता तसा.

विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"गणपतीपासून, बाबा. वरचा सा घेताना तुम्ही कधी कधी शेजारची पट्टी दाबायला लागलात."

"बोलली का नाहीस?"

"मी कसं बोलू?"

खरंच. कशी बोलणार? म्हणून बटण फिरवत राहिली.

मंडळात वाद्याला बाईमाणूस कधी बसलेलं नाही. गुणवंत तोंड वाकडं करील. शालन म्हणेल, लोक काय म्हणतील.

सोमवार, २३ डिसेंबर

कुंकवाचा जुना ठिपका ओल्या फडक्याने पुसला. नीलम बटण ठेवते तिथे नवा दिला. मधोमध येतो.

मंगळवार, २४ डिसेंबर. दत्तजयंती.

बॉक्स देवाच्या शेजारी ठेवला, आमच्याकडे तोंड करून. सगळे बसल्यावर उभा राहिलो आणि सांगून टाकलं — मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. गुणवंतने मृदंगावरचे हात काढून मांडीवर ठेवले. कुणी हसलं नाही. मग माझं बसकर उचललं, झटकलं, पुन्हा कीबोर्डपुढे अंथरलं, आणि बायकांकडे बघून म्हटलं, "नीलम, ये. बस."