न तपासलेला जोड

१२ जाने., रवि.

आज नियम मोडला. माझाच नियम.

आमच्या गच्चीवर मित्रांची ब्रँडेड बुटांची अदलाबदल होती. हृषीने पांढरा-लाल जोड आणला होता, अमितने निळा. दोघांचा नंबर नऊ. आमची रीत अशी की जोड आधी दोन दिवस माझ्याकडे राहतात. कंपनीचा खरा की नकली, ते दिवसाच्या उजेडात बघते. टाके, आतला टॅग, खोक्यावरचा नंबर, चिकटवायच्या सोल्युशनचा वास. खरा निघाला तर लेसच्या वरच्या भोकात मौली बांधते, देवळात मनगटाला बांधतात तोच लाल धागा. मौली बांधली की विषय संपला. नंतर कुणी कुरकुर करायची नाही. तीन वर्षांत एकदाही चुकले नाही. गर्व आहे त्याचा, असू दे.

अमितचा निळा शुक्रवारपासून माझ्याकडे होता. खरा. त्याच्या दीदीने पुण्याहून पहिल्या पगारातून पाठवलेला. हृषी मात्र आपला आजच घेऊन आला. म्हणाला, "बाबांनी आणलेला लास्ट आहे. मी दोनदाच घातला."

काकांचं, म्हणजे हृषीच्या बाबांचं, वर्षश्राद्ध गेल्याच आठवड्यात झालं. खोकं हातात घेतलं आणि नाक लावून वास घ्यायची लाज वाटली. गेलेल्या माणसाने मुलाला दिलेली वस्तू, ती सगळ्यांसमोर काय उलटीपालटी करायची! तिथल्या तिथे मौली बांधून टाकली. निळा हृषीकडे, पांढरा अमितकडे.

अमितने लगेच घातला. हृषी बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत होता.

१४ जाने., मं.

संक्रांत. आईबरोबर हृषीकडे तिळगूळ द्यायला. काकूंनी यंदा सण धरला, बरं वाटलं.

काकू म्हणाल्या, "तो पांढरा जोड अमितला दिला म्हणे? अगं, ह्यांनी किती चक्कर मारले होते इंदूरचे त्याच्यासाठी. ऑफिस सुटलं की सरळ बस पकडायचे. दुकानवाल्याला तीनतीनदा विचारलं म्हणे, असलीच आहे ना."

मी तिळगूळ तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागलं नाही.

हृषी निळा घालून गच्चीवर पतंग उडवत होता. खूश दिसला. बास, उगाच विचार करायचा नाही.

१९ जाने., रवि.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, नानाखेड्याला अमितकडे. घाटावर चिखलात गेला होता, बूट धुऊन वाळत घातलेले. उजव्याचा सोल पुढून उघडलाय. मला म्हणाला, "केतकी, ये चिपक जाएगा ना?"

आतली गादी काढून ठेवली होती, म्हणून खालचं सगळं दिसलं. टाके वेडेवाकडे, एका इंचात कुठे सात, कुठे दहा. गादीच्या पाठीला जाड पिवळं सोल्युशन. दोन्ही टाचा शेजारी धरल्या तर एक उंच, एक बुटकी. टॅगवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर, शेवटचे तीन आकडे वेगळे. हे तर त्या दिवशी गच्चीवर नुसतं वाचलं असतं तरी कळलं असतं. वाचायला कितीसा वेळ लागतो?

नकली. धडधडीत नकली.

अमितला म्हणाले, "हो, चिकटेल."

२० जाने., सोम.

शाळेत शिकवण्यात लक्ष नाही. मुलांच्या दोन वह्यांवर न वाचताच सही केली. मग परत मागवून घेतल्या आणि वाचल्या. आता शहाणपण सुचतंय.

काका फसले असतील. किंवा खऱ्याची किंमत ऐकून, समजून-उमजून हा घेतला असेल आणि घरी येऊन असली म्हणून सांगितलं असेल. यातलं काय बरं, ते ठरवता येत नाही. दोन्हीत ते बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलेले दिसतात.

हृषीला सांगितलं तर त्याच्याकडून बाबांची ही शेवटची वस्तू हिरावून घेतली. नाही सांगितलं तर अमित माझ्यामुळे नागवला गेला. तिसरा रस्ता नाही. तीन दिवस शोधेन म्हणते.

२३ जाने., गुरु.

अमितला सांगितलं. सगळं. की मी तपासलाच नव्हता.

तो चिडला नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं. नुसता म्हणाला, "अरे यार, मेरे को क्यों बताया? अब मैं पहनूं कैसे?"

मी म्हटलं, आपण हृषीशी बोलू, निळा परत घेऊ.

"और क्या बोलेंगे? कि तेरे पापा नकली लाए थे? मेरे से नहीं होगा." मग म्हणाला, "दीदी वीडियो कॉल पे पूछती है, नीले वाले दिखा. दो बार टाल दिया."

मला वाटलं होतं सांगून मोकळी होईन. झालं एवढंच की माझं ओझं त्याच्या डोक्यावर. आणि माझंही कमी झालं नाही.

२६ जाने., रवि.

शाळेत झेंडावंदन. दुपारी सगळे गच्चीवर.

अमित चपला घालून आला. हृषीने बघितलं. "बाबांचे नाही घातले?"

अमित म्हणाला, "संभाल के रखे हैं, भाई."

हृषी हसला, पण चेहरा पडला. नंतर जिन्यात मला म्हणाला, "बाबांचं सगळंच संभाळून ठेवलंय गं घरात. चश्मा, घड्याळ, टिफिनसुद्धा. आई कशाला हात लावू देत नाही. म्हटलं, एक वस्तू तरी कुणाच्या पायात चालताना दिसेल."

याच्यासाठी दिला होता त्याने. आणि मी अमितला खरं सांगून तेही बंद पाडलं. खोटेपणाने एक बिघडवलं, खरेपणाने दुसरं. बेस्ट.

३० जाने., गुरु.

अमितला फोन केला, घाल ना रे बूट, रविवारपुरते तरी. म्हणाला, "पहनूंगा तो वो खुश होगा और मैं उसको उल्लू बनाऊंगा. तू ही बता, कौन सा ठीक है?"

फोन ठेवला. आई म्हणते चेहरा उतरलाय, जेवत जा.

२ फेब्रु., रवि.

दुपारी हृषी एकटाच आला. दोन पिशव्या. एकीत अमितचा निळा, धुऊन-पुसून. दुसरीत बाबांचा, खोक्यासकट. सकाळीच नानाखेड्याला जाऊन घेऊन आला होता. अमितने आतून आणून हातात दिला म्हणे.

"त्याला आवडला नाही, दिसतंच आहे. उलटी अदलाबदल करून टाकू. मौलीचा नियम वगैरे राहू दे एकदा."

माझा जीव भांड्यात पडला. देवा, इतकं सोपं! अमितला दीदीचा परत, हृषीला बाबांचा परत, कुणाला काही सांगायला नको. तोंडाशी आलं होतं, हो हो, चल.

मग तो म्हणाला, "पण घरी न्यायच्या आधी एकदा नीट बघ."

मी म्हटलं, तुझाच तर आहे, आता कशाला?

"त्या दिवशी तू बघितलाच नव्हता, केतू. बाकी सगळ्यांचा वास घेते, टॅग वाचते. माझं खोकं उघडलं आणि लगेच धागा बांधला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. मग वाटायला लागलं, हिने का नाही बघितला?"

मौली स्वतःच कापली त्याने, माझ्या टेबलावरच्या कात्रीने. "दोन दिवस ठेव. मंगळवारी पाचला येतो. जे असेल ते सांग."

जे असेल ते. त्याला ऐकायचंय की ऐकायचं नाहीये, चेहऱ्यावरून कळलं नाही.

४ फेब्रु., मं.

दोन दिवस रीतसर तपासला. खिडकीशी, सकाळच्या उजेडात. एकेक टाका मोजला. काही बदललं नाही, बदलणार काय?

उजव्याचा उघडलेला सोल आतून कुणीतरी चिकटवलाय, अगदी जपून, एक थेंब बाहेर नाही. अमितने. घालणार नव्हता तरी.

खोटं बोलायची तयारी केली. आरशासमोर म्हणूनही बघितलं, "खरा आहे." हृषी मानेल. काकूंना जाऊन सांगेल. मी बुटाच्या बाबतीत आजवर कुणाशी खोटं बोलले नाही, म्हणूनच तो मानेल. हेच तर वाईट आहे.

मग दुसरं म्हणून बघितलं. "नकली आहे, पण काकांनी तीनदा विचारलं होतं." एवढं म्हणताना रडू आलं. त्याच्यासमोर कसं होणार?

५.१०. हृषी आलाय. पुढच्या खोलीत बसलाय. म्हणाला, आधी पाणी दे. पाणी घ्यायला आत आले आणि ओट्यापाशी उभी राहून हे लिहितेय. ग्लास भरून ठेवलाय. त्याने खोकं उघडलेलं ऐकू आलं. मौली मी परत बांधलेली नाही. आता हाक मारतोय.