अभ्यासिकेतले ड्युअल-कोअर

घाटकोपर

प्रिय चेतना,

सप्रेम जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. हल्ली फोन केला की तू "आई, नंतर बोलते गं" म्हणून ठेवून देतेस. कागद तरी असा मध्येच ठेवता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी बातमी सांगते. आपल्या अभ्यासिकेतली गार्गी टायपिंगची परीक्षा पास झाली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही! पेढे घेऊन आली ती आधी आपल्या घरी, मग स्वतःच्या मावशीकडे. म्हणाली, "राधाकाकू, चेतनाताईला सांगा, तिच्या भंगारावर शिकले." मी हसले, पण खरं सांगू, छाती फुगली माझी.

तुला आठवतंय ना तो सगळा गोंधळ? साकीनाक्याचं एक ऑफिस बंद होत होतं आणि ते लोक जुने कॉम्प्युटर स्वस्तात काढत होते. विहारामागच्या अभ्यासिकेसाठी घ्यावेत असं मला वाटलं. पण निलेश अडून बसला. आपल्या विहार कमिटीचा सेक्रेटरी, त्यात बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी, त्याच्यापुढे बोलणार कोण? "राधाताई, हे भंगार आहे, ड्युअल-कोअर. आत काम करणारे दोनच भाग. आता आठ-आठ असतात. त्यापेक्षा दोन नवे घेऊ, झकास." त्याचं चुकत होतं असंही नाही. पण दोन कॉम्प्युटरवर एवढी मुलं बसणार कशी? दसऱ्याच्या सुमारास मी तुला फोन केला, तर तू दुसऱ्याच दिवशी पुण्याहून हजर. भर आठवड्यात. मला वाटलं, रजा मिळाली असेल.

मीटिंगमध्ये तू उभी राहिलीस. तू आधी कमिटीशी बोललीच नाहीस, मुलांना विचारलंस, तुम्ही यावर करणार काय? मुलांनी सांगितलं, टायपिंग, पीडीएफ वाचणं, फॉर्म भरणं, सराव परीक्षा, लेक्चर बघणं. मग निलेशकडे वळून म्हणालीस, "नवीन विकत घेत असाल तर ड्युअल-कोअरला हात लावू नका. पण जुने स्वस्तात मिळतायत आणि त्यात आपण विंडोजऐवजी हलकं, फुकटातलं लिनक्स टाकणार असू, तर सोडू नका. जुनी डिस्क काढून नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवायची, रॅम वाढवायची. एवढ्या कामाला बास आहे."

"आणि अडकला तर?" निलेश म्हणाला.

"अडकेल ना. वीस टॅब उघडून वर व्हिडिओ लावलात तर वाट लागेल त्याची. आधी एकच आणा, मुलांना वापरू द्या, मग ठरवा."

तो एक आणला. तू सतरंजीवर फतकल मारून तो उघडलास, आतली धूळ ब्रशने काढलीस, नवी डिस्क बसवलीस. संध्याकाळपर्यंत मुलं त्याला सोडेनात. गार्गीने मराठीत आपलं नाव टाइप केलं आणि ते पुसायलाच तयार नव्हती. निलेशने मुद्दाम टॅबवर टॅब उघडले, शेवटी तो अडकला, तर गड्याचा चेहरा असा की मॅचच जिंकली! तू चिडली नाहीस. म्हणालीस, "बरोबर आहे तुझं. कुणाला व्हिडिओ एडिटिंग शिकायचं असेल तर हा कामाचा नाही. त्यासाठी एक नवा चांगला घ्या, बाकी सगळे हे." आणि तसंच ठरलं. ठराव निलेशनेच मांडला.

आता संध्याकाळी अभ्यासिकेत ये आणि बघ. एकही खुर्ची रिकामी नसते. परवा पास झालेल्या मुलांच्या सत्कारात निलेश माइकवर म्हणाला, "मी यांना भंगार म्हणालो होतो. चेतना नसती तर आज इथे दोनच खुर्च्या असत्या." केवढ्या टाळ्या पडल्या! मी शेजारच्या बाईला म्हणाले, माझी पोरगी ती. तिला काय ठाऊक नव्हतं? तरी सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्याबरोबर राहणाऱ्या श्वेताचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, तू धड जेवत नाहीस म्हणून घाबरून केला बिचारीने. म्हणाली, गणपतीतच कंपनीने माणसं कमी केली, त्यात तू होतीस. म्हणजे आमच्यासाठी धावत आलीस तेव्हा तुझी नोकरी गेलेली होती. इथे होतीस तेवढ्या दिवसांत ऑफिसचा एक फोन आला नाही, तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली होती. तुला वाटलं असेल, आई वस्तीभर माझं कौतुक सांगत फिरते, तिला कुठल्या तोंडाने सांगू? अगं वेडे, तुझ्या त्या कंपनीचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. मी सांगते ते तुझं. स्वतःवर एवढं कोसळलेलं असताना माझी लेक दुसऱ्यांच्या मुलांसाठी सतरंजीवर बसून धूळ झाडत होती, आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. याहून जास्त अभिमान मला कशाचा वाटणार? शनिवारी सकाळी मी पुण्याला पोचते. इकडे यायचं की तिथेच दुसरं काम बघायचं, ते तुझं तू ठरव, घाई नाही. मी राहणार आहे. आणि मी येणार म्हणून खोली आवरत बसू नकोस.

तुझीच,
आई