सातनंतरचं मशीन

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार

मिलच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवली आणि सूत कांड्यांवर गुंडाळायच्या खात्यातल्या टेलिप्रिंटरनं घोळ घातला! हजेरीच्या यादीत प्रत्येक ओळीचा पहिला आकडा गायब. १४१७ आणि २४१७ नंबरच्या जागांवरच्या दोघीही ४१७! केसरबाई आणि पारूबाई एकाच जागेवर जाऊन भांडल्या. "ही जागा माजी हाय की!" जुन्या सिस्टिमवर असं कधी झालं नव्हतं.

मॅनेजर आबासाहेब म्हणाले, "ड्रायव्हर बिघडला म्हणता, मग दुसरा आणा की!" टेलिप्रिंटरला अक्षरं पुरवणारा, सिस्टिमच्या गाभ्यातला कोड म्हणजे ड्रायव्हर, हे बसवराजनं त्यांना गोड हसून समजावलं. मला तोंड उघडू दिलं नाही.

मी आणि बसवराज, कॉम्प्युटरवर आम्ही दोघंही तात्पुरते. कायमची जागा एकच. जो दुरुस्त करील त्याची - आबासाहेब स्पष्ट बोलले.

६ फेब्रुवारी

दिवसा मशीन मिलच्या कामाला. तपासायला मोकळं मिळतं ते रात्री. आणि सातनंतर बाईमाणसानं मिलमध्ये थांबायचं नाही - कायदा! मी डबा उचलून बाहेर, बसवराज आत. सगळं मशीन त्याचं एकट्याचं. जळले मी, अगदी जळले.

७ फेब्रुवारी

बसवराजचे डोळे लाल. "अजून न्हाय सापडलं, मॅडम." रात्रभर मशीन मिळून! मला एक रात्र मिळाली असती तर!

८ फेब्रुवारी

सापडलं!! जुन्या-नव्या ड्रायव्हरचे कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. ओळ संपली की छपाईचा गाडा डावीकडे परत यायला जरा वेळ लागतो. जुना ड्रायव्हर तेवढ्यात रिकामी अक्षरं पाठवून थांबायचा. नव्यात कुणा शहाण्यानं वेग वाढवायला ती काढून टाकली. मग गाडा वाटेत असतानाच पहिला आकडा येतो आणि मध्येच कुठंतरी उमटतो. यादीभर ते डाग - आम्हाला शाईचे वाटले!

जेवणाच्या सुट्टीत मशीन थोडं मोकळं असतं, तेवढ्यात होण्यासारखं काम. पण आबासाहेब लग्नाला अकलूजला गेलेत, सोमवारी येतील. त्यांच्या डोळ्यांदेखत करीन. तोवर बसू दे बसवराजला रात्ररात्र!

१० फेब्रुवारी, शनिवार

"मॅडम, तुमाला काय सुचतंय का?"

नाही म्हटलं. सरळ.

१२ फेब्रुवारी

केलं! यादी चोख. आबासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वच्छलाबाई, जागा तुमची!" बसवराज आलाच नाही. हार बघवली नसती, दुसरं काय! मी पेढे वाटले.

१५ फेब्रुवारी

बसवराज राजीनामा द्यायला आला. शनिवारी रात्री तो मशीनवर असताना त्याची आई गेली. दवाखान्यात, एकटी. आजारी होती तर रजा का नाही मागितली, विचारलं.

"जागा गेली असती की. तुमी सातला घरी निघायचा न्हाय का, तवा लई जळायचो मी तुमच्यावर."