ताई बसल्या का?

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी नीट बसून घे आणि मग पुढे वाच. मी संसदेच्या निवडणुकीला उभी राहतेय. अपक्ष. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या छापखान्यातल्या यंत्रांच्या घरघरीत तुला काय ऐकू गेलं असतं कोण जाणे, आणि घरी फोन केला असता तर वहिनीने मला वाक्य पुरं करू दिलं नसतं. शिवाय महत्त्वाचं असेल ते कागदावरच सांगायचं, ही बाबांची शिस्त.

कारण तुला ठाऊक आहेच. आपल्या स्टेशनवर गाडी थांबेनाशी झाली त्याला दुसरं वर्ष लागलं. मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई आठवतात ना, माझ्या दर महिन्याच्या गिऱ्हाईक? त्यांना अर्धांगाचा झटका आला. दुपारची गाडी डोळ्यांसमोरून धडधडत निघून गेली. शेवटी खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. जीव वाचला, डावा हात गेला. परवा केस कापायला आल्या तेव्हा आरशात बघत शांतपणे म्हणाल्या की गाडी थांबली असती तर डॉक्टर म्हणतात हातही वाचला असता. मी कात्री खाली ठेवली. मला पुढचे केस कापवेनात.

आपले खासदार दर वेळी निवेदन घेतात, मान डोलावतात आणि मोटारीत बसून निघून जातात. त्यांना गाडीची गरज काय! मग म्हटलं, आपणच उभं राहावं. माझी पात्रता विचारशील, तर वीस वर्षं सलून चालवतेय. लोकांना ‘बसा’ म्हणायचं आणि आपण उभं राहायचं, यात माझा हात धरणारं या मतदारसंघात कोणी नाही.

बाबांनाही सांगितलं. ज्या स्टेशनात मास्तर म्हणून जन्म काढला तिथे आता बाकावर बसून न थांबणाऱ्या गाड्या बघतात बिचारे. मग म्हणाले, फोन मी सांभाळतो. झालं, माझं निवडणूक कार्यालय तयार. आमचे हे ध्वनिक्षेपकाच्या तारा जोडत बसलेत, घरात पाय ठेवायला जागा नाही.

सोबत पत्रकाचा मसुदा पाठवतेय. तुझी लाल शाई चालव, पण मला सोलून काढू नकोस.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरत नाही, वाढवून पाठव.

तुझी,
भिंगरी

---

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र उभ्याने वाचलं आणि मग बसलो. तू सांगितलंस त्याच्या नेमकं उलटं, पण तुझ्या बाबतीत सगळं उलटंच होतं. तुझी वहिनी मात्र उठली ती थेट शेजारी पोचली. आता आमच्या इमारतीतल्या लोकांना तुझ्या मतदारसंघात मत नाही याचं फार वाईट वाटतंय.

पत्रक तपासलं. ‘क्रांती’ चार ठिकाणी होती, चारही काढल्या. तुला गाडी थांबवायची आहे, जग नाही. शिंपीणबाईंचा परिच्छेद सगळ्यात वर घेतला आणि त्यात एका वेलांटीशिवाय कशालाही हात लावला नाही. तेवढं वाचून आमचा जुळारी अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता थांबला, आणि तो सहसा पगाराच्या दिवशीही थांबत नाही.

आता काळजीचं. उभं राहायला फारसं काही लागत नाही गं, उभं टिकायला लागतं. भले भले अपक्ष उभे राहतात आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी गुपचूप बसतात. तुलाही बसवायला माणसं येतील, गोड बोलतील. इकडे सुरुवात झालीसुद्धा. तुमच्या खासदारांची भित्तिपत्रकं आमच्याच छापखान्यात छापली जातात. मालकांनी मला आत बोलावून चहा पाजला आणि बहिणीला जरा समजवा, बसवा, असं सुचवलं. मी त्यांना सांगितलं की लहानपणी तिला जेवायला बसवता बसवता आई थकली, मी कुठला बसवणार? मालक हसले, पण चहा अर्धाच ठेवून उठले. असो, माझी फिकीर करू नकोस. एवढा लाल शाईवाला त्यांना दुसरा मिळायचा नाही.

आणखी एक. बाबांना फोनवर बसवलंस ते ठीक, पण मी पाठवलेलं कानाचं यंत्र त्यांना घालायला लाव. ते कपाटात जपून ठेवण्यासाठी नव्हतं.

इकडचा जीव सगळा तिकडेच आहे, तो सांभाळावा.

तुझा,
दादा

---

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानावर आलं असेलच की मी बसले. मी बसलेली नाही. आता काय झालं ते ऐक, आणि हसायचं असेल तर माझ्या माघारी हस.

परवा अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. सकाळपासून गल्लीबोळ पालथे घालून दुपारी दुकानात आले. पायांचे तुकडे पडले होते. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून माझ्याच खुर्चीत बूड टेकलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात संध्याकाळच्या पेपरच्या बातमीदाराचा फोन आला, तो बाबांनी घेतला. त्याने विचारलं, ताई बसल्या का? बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आणि तुला त्यांची सवय माहीत आहे, स्टेशनच्या फोनवर निरोप दिला की तो पुन्हा सांगायचा, म्हणजे चूक होत नाही. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “हो, बसल्या. पुन्हा सांगतो, ताई बसल्या. फार बरं झालं, सकाळपासून हाल चालले होते पोरीचे.”

संध्याकाळी पहिल्या पानावर बातमी. अपक्ष उमेदवार बसल्या, कुटुंबीयांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

दादा, दुसऱ्या दिवशी दुकानापुढून जाणारी माणसं मान वळवून गेली. शिक्षकांच्या संघटनेने मला पाठिंबा जाहीर केला होता, तो त्यांनी खासदारांना देऊन टाकला. दूधवाल्याने तोंडावर विचारलं की काय घेऊन बसलात. मी त्याला सांगितलं, पायाला गोळे आलेत ते घेऊन बसले होते. त्याला ते पटलं नाही. पेपरने खुलासा छापला, पण तो शोधायला भिंग लागेल.

वर आज चिन्हांची सोडत निघाली. मी कात्री मागितली होती. मला मिळाली खुर्ची! म्हणजे बाई बसल्याही आणि कशावर बसल्या तेही चिन्हात आलं.

हे सगळं मी निभावून नेईन. पण बाबांचं बघवत नाही. त्या दिवसापासून ते फोनला हात लावत नाहीत. फोन वाजला की उठून स्टेशनच्या बाकावर जाऊन बसतात. मी एका शब्दाने बोलले नाही, उलट हसण्यावारी नेलं, तर म्हणाले की इतकी वर्षं एक निरोप चुकला नाही आणि मुलीचाच चुकला. दादा, आता मला निवडून यायचंच आहे, आणि ते फक्त गाडीसाठी नाही.

लोभ जागा ठेवावा, इकडे झोप नाही.

तुझी,
भिंगरी

---

२९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हसलो. नंतर बाबांचं वाचलं आणि हसू विरलं. आधी त्यांना माझं नाव सांगून एवढं सांग. त्यांनीच आपल्याला शिकवलं होतं की निरोप देणाऱ्याने दोनदा सांगायचा आणि घेणाऱ्याने परत वाचून दाखवायचा, तेव्हा तो पुरा होतो. बातमीदाराने वाचून दाखवला का? नाही ना? मग बाबांचं अर्धं काम चोख होतं, उरलेलं अर्धं त्याने केलंच नाही.

आता तुझ्या खुर्चीचं. मी तुझं चिन्ह टेबलावर ठेवून दोन दिवस बघत होतो. अगं वेडे, खुर्चीची तुला कशाला लाज? बाकीचे उमेदवार खुर्चीसाठीच धडपडतात आणि ते लपवतात. तुझ्या दुकानात खुर्ची कोणाची असते? गिऱ्हाइकाची. तू तिच्यामागे उभी असतेस. मी पत्रकावरचा सगळा मजकूर काढला, फक्त शिंपीणबाईंचा परिच्छेद ठेवला आणि वर मोठ्या अक्षरांत चार शब्द टाकले: खुर्ची तुमची, उभी मी.

आणि मतदानापर्यंत चारचौघांत बसायचं नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. तू बसलीस की नाही हे त्यांना पेपरात वाचायला लागू नये, डोळ्यांनी दिसावं.

पत्रकं आमच्याकडेच छापून घेतली. मालकांना विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. जुळाऱ्याने मात्र त्यांना न विचारताच अक्षर एक माप मोठं लावलं. रजा टाकली आहे, मतमोजणीला मी तिथे असेन.

माया कमी पडली तर कळव, आणखी रवाना करतो.

तुझा,
दादा

---

२० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उद्या मतदान. हे पत्र उभ्यानेच लिहितेय, आरशाखालच्या फळीवर कागद ठेवून, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझे चार शब्द चालले रे! यांनी दुकानातली खुर्ची उचलून टेम्पोत घातली. प्रत्येक गावच्या चौकात ती ठेवायची, कोणीतरी बसायचं, मी त्याचे केस कापत बोलायचं. भाषण म्हणून नाहीच, दुकानात बोलते तसं. गाडी थांबत नाही म्हणून कोणाचं काय काय थांबलं, ते लोकच सांगायला लागतात. एका गावात तिथले पुढारी मजा बघायला म्हणून आले आणि मान भादरून गेले. जाताना म्हणाले, मत कुठे देईन ते सांगत नाही, पण केस छान कापलेत.

बसत मात्र नाही. सुरुवातीला लोकांना राग यायचा. घरात बोलावून खुर्ची पुढे करायचे, आणि मी आपली भिंतीला टेकून. मग त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. आता रस्त्याने जाताना पोरंटोरं विचारतात, ताई बसल्या का? आणि बाकीची ओरडतात, नाही! ज्या प्रश्नाने आमचं वाटोळं केलं तोच आता आमची घोषणा झाला आहे. काल खासदारांच्या सभेत ते व्यासपीठावरच्या खुर्चीत बसले मात्र, मागून कोणीतरी तेच विचारलं. सगळा मांडव हसला म्हणे.

शिंपीणबाई रोज संध्याकाळी येतात आणि टेम्पोशेजारी माझ्या जोडीने उभ्या राहतात. त्यांना बसा म्हटलं तर म्हणतात, तुम्ही बसाल तेव्हा.

एकच दुखतंय. बाबा अजून फोन उचलत नाहीत. तुझा निरोप सांगितला तेव्हा मान तेवढी हलवली. मात्र काल कपाट उघडं दिसलं आणि यंत्राची डबी रिकामी होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मी निवडून येतेय, दादा. हा गर्व नाही, इतक्या माना हाताखालून गेल्यावर मला कळतं कोणती ताठ आहे आणि कोणती वळली.

पुढच्या पत्राच्या आधी तूच ये. लोभ हाताने आणून दे.

तुझी,
भिंगरी

---

१८ जुलै

चि. दादास,
अ. आ.

तुझी बहीण तिकडे राजधानीत कामात आहे, म्हणून मीच लिहितो. निकालाचं लिहीत नाही. तू इथेच होतास, आणि थोडक्या मतांनी का होईना निवडून आल्यावर ती दुकानात येऊन कशी ढसाढसा रडली तेही पाहिलंस. त्यापुढचं लिहितो.

काल संसदेत तिचा प्रश्न होता. दुकानात दूरचित्रवाणी लावली होती. शिंपीणबाई, दूधवाला, शिक्षकांचे अध्यक्ष, सगळे आले होते. तुझे मेहुणे अँटेनाची तार हातात धरून उभे, कारण सोडली की चित्र जातं. मी यंत्र घातलं होतं. पंखा इतका आवाज करतो हे मला माहीत नव्हतं.

तिने प्रश्न विचारला. मंत्र्यांनी उत्तर दिलं, त्यात गाडी कुठेच नव्हती. ती पुन्हा बोलायला लागली तेव्हा सभागृहाचे अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, बसा. ती बसली नाही. त्यांनी पुन्हा बसा म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, “अध्यक्ष महोदय, आपला मान राखून सांगते. मी बसले असं एकदा माझ्या गावात छापून आलं होतं, आणि त्याचा भार माझ्या वडिलांनी फार दिवस वाहिला. आमच्याकडे गाडी थांबणार की नाही तेवढं कळू दे, मी लगेच बसते.” आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला मान सरळ ठेवा म्हणते, तसंच म्हणाली.

मग मंत्री उठले. म्हणाले, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गाडी थांबेल.

शिंपीणबाईंनी उजव्या हाताने डावा हात धरला आणि तोंड फिरवलं. मी माझा चष्मा पुसत होतो, तेवढ्यात फोन वाजला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून बाहेर जाईन असं त्यांना वाटलं असावं. मी फोन उचलला.

संध्याकाळच्या पेपरचा तोच बातमीदार होता. चाचरत होता. घरच्यांची प्रतिक्रिया हवी होती त्याला. मी म्हटलं, प्रतिक्रिया नाही, निरोप आहे, लिहून घ्या. आधी गाडी थांबायचं ठरलं, मग ताई बसल्या. पुन्हा सांगतो, आधी गाडी, मग ताई. आता परत वाचून दाखवा.

त्याने वाचून दाखवलं. मला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला.

एक तारखेला दुपारच्या गाडीने या, तू आणि सूनबाई, दोघंही. मी फलाटावर असेन.

तुझा,
बाबा