तळघरातली बैठक

३ सप्टेंबर २०१६
“जमिनीवर बसणाऱ्याला पडायची भीती नसते,” असं बाबा एकदा म्हणाले होते. आज नव्या घराच्या तळघरात वंदनेची चटई अंथरताना ते आठवलं. म्युनिकच्या दोन खोल्यांच्या भाड्यात इथे पश्चिम जर्मनीत, आयफेलच्या डोंगरात अख्खं घर! यशपालला नवी नोकरी, लेकीला स्वतःची खोली, आणि मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा ज्वालामुखी. बुटका, झाडीनं झाकलेला. घरमालकीण फ्राऊ थेलन अभिमानानं म्हणाल्या, झोपलाय, मेलेला नाही.

११ सप्टेंबर
रविवारी डोंगर चढायला आलेल्यांनी गाव फुलून जातं. काठ्या, जाड बूट, पाठीवर पोरं. विवरातल्या डबक्यात डाळ रटरटावी तसे बुडबुडे येतात, पाणी मात्र गार. लोक कान देऊन ऐकतात आणि मग सॉसेज खातात. यशपालनं नागपूरला फोन करून सांगितलं, आमच्या परसात ज्वालामुखी आहे. सासूबाईंनी विचारलं, भाडं म्हणूनच कमी का रे? खूप हसलो.

२ ऑक्टोबर
तळघरात बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती टिकत नाही. यशपाल म्हणतो, कुठून तरी वारा येतो. सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, सुनेचं लक्ष नाही. शेवटी त्यानं बॅटरीची मेणबत्ती आणली. ती विझत नाही.

१४ ऑक्टोबर
धम्मचक्र दिन. क्रांती आज आपणहून बापाशेजारी मांडी घालून बसली. पंधरा वर्षांची पोर, मराठी समजतं, उत्तर जर्मनमध्येच. मी पायरीवर उभी राहून डोळे पुसले. दोघं बऱ्याच वेळानं वर आली. डोकं दुखतंय, क्रांती म्हणाली, पण इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर
गावातल्या डोंगर भटकणाऱ्यांच्या मंडळाबरोबर विवरात उतरलो. पुढचा माणूस दोरीला कंदील बांधून खळग्यात सोडतो. गुडघ्याखाली गेला की ज्योत विझते. मग टाळ्या. तिथे जमिनीतून जड वायू येतो, त्याला वास नाही, खाली वाकू नका म्हणाले. एकानं यशपालला चिडवलं, तू बुटका, पहिला तूच जाशील. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.
मला तळघरातली विझणारी मेणबत्ती आठवली. परतल्यावर फ्राऊ थेलनना तळघराचं विचारलं. गेनाऊ, म्हणाल्या, अगदी बरोबर, तिथेही येतो कधीकधी, म्हणून तर आम्ही फक्त बटाटे ठेवायचो. मग आधी का नाही सांगितलं? त्या खरंच चकित झाल्या. जमिनीवर कोण बसतं?
इथे कुणी खोटं बोलत नाही. विचारलं नाही तर सांगत नाही, एवढंच.

२० ऑक्टोबर
खुर्ची खाली नेली. यशपालनं ती परत वर आणून आपटली. भगवंतांपुढे खुर्चीवर? तुला प्रत्येक गोष्टीत मरणच दिसतं. म्हणतो, इतकी वर्षं मन लागलं नाही, इथे लागतं. खाली कुणीतरी आपल्यासाठी श्वास घेतं. क्रांती मान डोलावते. दोघांचे ओठ निळसर.

२२ ऑक्टोबर
अग्निशमनवाले आले. हवा मोजली, तळघर बंद ठेवा म्हणून बजावून गेले. मी कुलूप लावलं. बॅगा भरल्या. उद्या म्युनिक. बरं वाटलं — की —

२३ ऑक्टोबर
जेवायला हाक मारली. आली नाहीत. तळघराच्या दारासमोर — दोघं पालथी — नाक दाराच्या खालच्या फटीला लावून. फटीतून हवा बाहेर येते. मग आत जाते. मग बाहेर.
अंगणात ओढत नेलं. मी पाणी आणेपर्यंत पुन्हा तिथेच —

संध्याकाळी
ॲम्ब्युलन्स निघालीय म्हणतात. खिडक्या सगळ्या उघड्या. यशपाल हलत नाही. मला ओढवत नाही आता.
क्रांतीनं डोळे उघडले. मराठी बोलली. स्वच्छ, नागपूरची. आई, तू पण खाली ये ना.
ओठ हलले नव्हते —
बाळा, ऊठ. नाहीच म्हणशील, माहीत आहे. चालू नकोस, बोलू नकोस. नुसती उभी राहा, एकदाच, माझा हात धरून —