रविवारच्या आत या

मंगळ. २० मे
कालच्या वादळाने सुरगाण्याकडचे विजेचे खांब आडवे झाले. सकाळीच हे आणि भास्करभाऊ गेले. वायरमनची जोडी, अकरा वर्षं एक खांबावर, एक खाली. दोन जोड कपडे, चटणी, चपात्या. 'दोन-तीन दिवस' म्हणाले. ह्यांचे दोन-तीन दिवस मला माहीत आहेत. रविवारी मनूला बघायला सिन्नरची मंडळी येणार, ते दारातच परत सांगितलं. मान हलवली. मान हलवायला काय जातं.

बुध. २१
आपल्या सातपूरच्या गल्लीतही लाइट नाही. सकाळपासून चार जण दारात. वायरमनचं घर म्हणजे तक्रारीची खिडकी. शेजारचे काका म्हणे, फ्रिजमधला आमरस गेला, ह्यांना फोन लावा. म्हटलं, हे दुसऱ्यांच्या खांबावर आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातही अंधारच आहे. पुटपुटत गेले. चौघांतल्या एकाने तरी विचारावं, माणूस बरा आहे का, जेवला का. कुणी नाही.

गुरु. २२
दुपारी फोन आला. टेकडी चढल्याशिवाय रेंज नाही. शाळेच्या ओट्यावर झोपतात. पाड्यातली एक आजी रोज नागलीची भाकरी घेऊन येते. "दादा, आदी जेवा, लाइट काय पळून नाय जात," म्हणाली. सांगताना हसत होते. बरं वाटलं ऐकून, आणि रागही आला. इथे मी दिवस मोजतेय. म्हटलं, "शनिवारपर्यंत काहीही करून या. पोरीचा बाप घरात नसेल तर पाहुण्यांनी काय भिंतीशी बोलायचं?" म्हणाले, "उद्या उरकतो."

शुक्र. २३
भास्करभाऊंना शॉक बसला. खांबावरून पडले. नाशिकला आणलंय, दोन्ही हात भाजलेत. हे सोबत. ह्यांना काही झालेलं नाही. ते ऐकून आधी देवाला हात जोडले. मग भाऊंची बायको, लता, डोळ्यांसमोर आली. स्वतःचीच लाज वाटली.

शनि. २४
हे घरी आले. शनिवारी, मी सांगितलं तसे. आंघोळ नाही, जेवण नाही.
तुकड्यातुकड्यांनी कळलं. लाइन बंद करून घेतली तरी खांबाच्या दोन्ही बाजूंना तारा साखळीने जमिनीला जोडायच्या, मगच माणूस वर. ते काम ह्यांचं. एक बाजू केली. दुसरीसाठी ओढा ओलांडून अर्धा तास. लाइन बंदच आहे, चढ, हे भाऊंना म्हणाले. तिकडे एका लग्नघरात मेन स्विच बंद न करताच जनरेटर लावलेला. ती वीज उलटी तारेत आली.
अकरा वर्षांत ह्यांनी साखळी कधी टाळली नव्हती.
सिन्नरला फोन करून उद्याचं रद्द केलं. पाहुण्यांसाठी काढलेली ताटं मनूने परत माळ्यावर ठेवली.

सोम. २६
ह्यांना जबाब लिहून द्यायचा होता. दोन कागद फाडले. चहा ठेवताना मी वाचलं. 'माझ्याकडून घाई झाली.' एवढंच. गुरुवारचा फोन त्यात नाही.
म्हटलं, माझं नाव घाला. तर म्हणाले, "खांबाखाली तू नव्हतीस."
रागावले असते तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मंगळ. २७
हे परत सुरगाण्याला. दोन पाडे अजून अंधारात आणि माणसं कमी. चौकशी होईपर्यंत खांबाखाली साखळीला हात लावायचा नाही, नुसतं सामान वाहायचं. तरी गेले. त्या आजीच्या घरी अजून लाइट नाही म्हणे. कधी येणार ते मी विचारलं नाही.
डबा घेऊन दवाखान्यात गेले. भाऊंचा डावा हात राहील की नाही ते दोन दिवसांनी सांगणार. लता भात भरवत होती. भाऊ माझ्याकडे बघून 'या वहिनी' म्हणाले, नेहमीसारखे.
लता बाहेर सोडायला आली. "वहिनी, दादांनी कधी असं केलं नाही हो. त्या दिवशीच कसली घाई होती?"
तोंडातून निघून गेलं, पाऊस येत होता.
तिने ऐकून घेतलं. डबा धुऊन हातात दिला, उद्या भाकरी आणा म्हणाली, भाऊंना भाकरी आवडते.
शुक्रवारी पाऊस नव्हता. भाऊंना माहीत आहे.